गहाणकर्ज दुसऱ्या बँकेत नेण्यापूर्वी
(शेतकी खात्याकडून)



या पानावर एरवी मी बेणे, खते, हुमणी आणि खोडवा यांबद्दल लिहीत असतो. या खेपेस विषय पैशाचा आहे. कारण असे की, शेतकी खात्याकडे ऊस पुरवठ्याचा दाखला मागायला येणाऱ्या सभासदांपैकी बरेच जण हल्ली अर्जात एकच कारण लिहितात, "घराचे कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचे आहे." दाखला आम्ही देतोच. पण दाखला घेऊन निघालेल्या माणसाला मी विचारतो, "खर्च किती येणार, धरला का?" तर उत्तर येते, "खर्च कसला साहेब? ती बँक म्हणते सगळं आम्हीच करून देतो." इथेच गोम आहे, म्हणून हा लेख.

मी काही बँकेतला माणूस नव्हे. शेतकी पदविका घेऊन उसात आयुष्य घालवलेला माणूस. पण २०१६ साली तालुक्याच्या गावी घर बांधताना मी एका गृहवित्त कंपनीचे कर्ज काढले आणि २०२१ साली ते उचलून एका बँकेत नेले. त्यात मी एक चूक केली आणि तिची किंमत अजून भरतो आहे. ती चूक पुढे सांगेनच. तेव्हा हे पुस्तकी ज्ञान समजू नये.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे या प्रकारालाही लोक 'नवंजुनं' म्हणू लागले आहेत. सोसायटीत आपण मार्चमध्ये नवंजुनं करतो, म्हणजे जुने पीककर्ज भरले असे दाखवायचे आणि तेच पुन्हा उचलायचे. सावकार तोच, तारण तेच, सचिवही तोच. इथे तसे नाही. इथे जुन्या बँकेचे गहाण पूर्ण मोडायचे, कागद सोडवायचे आणि नव्या बँकेकडे पहिल्यापासून नवे गहाण करायचे. म्हणजे हा खोडवा नव्हे, मोडून केलेली नवी लागण आहे. नव्या लागणीला नांगरट, सरी, बेणे हा खर्च आधी येतो आणि ऊस नंतर. तसेच इथेही खर्च पहिल्याच महिन्यात आणि फायदा मात्र महिन्या-महिन्याने थेंब थेंब.

सोसायटीचे पीककर्ज या विचारातून पूर्ण बाजूला ठेवावे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत फेड केली तर केंद्र आणि राज्य या दोघांचीही व्याज सवलत मिळते. त्याहून स्वस्त पैसा कोणतीही बँक देणार नाही. घरावर वाढीव कर्ज काढून सोसायटी भागवण्याचा सल्ला देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. हा लेख घरकर्जापुरता आणि पाइपलाइन, विहीर वगैरेसाठी जमीन गहाण टाकून काढलेल्या मोठ्या मुदतीच्या कर्जापुरताच आहे.

आता व्याजदर. घरकर्ज बहुधा बदलत्या दराचे असते. हा दर कशाला बांधला आहे हे आधी आपल्या करारात पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी बदलत्या दराची नवी घरकर्जे बाहेरच्या दराला बांधून द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर धरला. त्यापूर्वीची कर्जे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांना बांधलेली आहेत. गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँका यांना तो नियम लागू नाही, त्यांचा दर त्यांच्याच हाती. त्यामुळे रेपो उतरला की शेजाऱ्याचा हप्ता कमी होतो आणि आपला तसाच राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत तो ५.२५ वर आला. एका वर्षात सव्वा टक्का. ज्यांच्यापर्यंत हा उतार पोहोचला नाही त्यांची चुळबुळ सुरू झाली ती यामुळेच आणि ती रास्त आहे.

पण माझी चूकही नेमकी याच जागी झाली. २०२१ साली रेपो ४ टक्के होता. नव्या बँकेचा दर ऐकून मी हुरळून गेलो आणि तो दर म्हणजे आपली जहागीरच असे समजून चाललो. मे २०२२ पासून रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. अडीच टक्के चढ. माझा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून मला पत्ता लागला नाही. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती. उतारा काढून पाहिला तेव्हा कळले की निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार. तेव्हा नवी बँक पाहताना आजचा दर पाहून भागत नाही. रेपोवर ती बँक स्वतःचे किती टक्के चढवते ते विचारावे. रेपो सगळ्यांना सारखाच वर-खाली होतो, बँकेचा स्वतःचा चढावा मात्र बराच काळ तसाच राहतो. तुलना करायची ती त्या चढाव्याची.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बाबतीत बँकांना बांधून घेतले. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. माझ्या वेळी कोणी विचारले नव्हते. आता विचारतील. पण पत्र आले तर ते वाचले पाहिजे, दिवाळीच्या भेटकार्डाबरोबर कपाटात टाकून चालणार नाही.

आता खर्चाकडे येऊ. जुनी बँक सोडताना दंड लागतो का, हा पहिला प्रश्न. व्यक्तीच्या नावावरील बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना २०१२ पासूनच घेता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या कर्जांसाठी नियम आणखी रुंद झाला आहे. व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त इतर कारणासाठी बदलत्या दराने घेतलेले कर्ज कोणत्याही बँकेचे वा वित्त कंपनीचे असो, ते केव्हाही फेडता येते आणि त्यावर आकार नाही. पैसा स्वतःचा की दुसऱ्या बँकेचा, हेही विचारता येत नाही. जुन्या बँकेतला साहेब "दुसऱ्या बँकेत नेताय म्हणून दोन टक्के लागतील" म्हणाला तर त्याला नियम लेखी दाखवा म्हणावे.

याला अपवाद आहेत आणि ते आपल्या भागात पुष्कळ निघतील. कर्ज कायम दराचे असेल तर करारात लिहिला असेल तो आकार लागू शकतो. कर्ज धंद्याच्या नावाने असेल, उदाहरणार्थ घर तारण देऊन दुकानासाठी किंवा दूध संकलनासाठी काढलेले, तर रक्कम आणि बँकेचा प्रकार यांनुसार नियम बदलतो. आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येतच नाही. ती सहकार खात्याखाली. तिथे पोटनियम आणि करार हेच पाहायचे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी घराचे काम अर्ध्यावर अडले म्हणून पतसंस्थेतून चढ्या व्याजाने पैसे उचललेले आहेत. ते कर्ज बँकेत नेण्यात खरोखरच मोठा फायदा असू शकतो, पण आधी करारपत्र उघडून वाचावे.

नव्या बँकेकडचा खर्च असा. प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वकिलाचा शोध अहवाल आणि घराचे मूल्यांकन, हे बँक नेमते पण पैसे आपल्याकडून जातात. मग मुद्रांक शुल्क. हा खर्च लोक हटकून विसरतात. आपण कागद बँकेच्या हवाली केले की गहाण झाले, निबंधकाकडे कोणी गेले नाही, मग मुद्रांक कसला, असे वाटते. पण कागद ठेवून केलेल्या गहाणालाही कर्जाच्या रकमेवर मुद्रांक लागतो. शिवाय महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. ही सूचना कर्जदाराने द्यायची असते, बँकेने नव्हे. आणि जुन्या बँकेच्या वेळी भरलेला मुद्रांक नव्या गहाणाला चालत नाही, तो पुन्हा भरावा लागतो. शासन हे दर मधूनमधून बदलते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचा दर दुय्यम निबंधक कार्यालयातूनच घ्यावा, एजंटाच्या तोंडून नको.

"प्रक्रिया शुल्क माफ" अशी मोठी अक्षरे छापलेली असतात. माफ होते ते तेवढेच. बाकी सगळे राहते.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, कर्ज १५ लाख शिल्लक आहे आणि १२ वर्षे उरली आहेत. जुना दर १० टक्के. हप्ता सुमारे १७,९२६ रुपये. नवी बँक साडेआठ टक्क्यांनी देते आणि मुदत तीच १२ वर्षे ठेवते. हप्ता होतो १६,६५१. महिन्याला १,२७५ रुपये वाचले, १४४ महिन्यांत १,८३,६०० रुपये. खर्च समजा असा आला: प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का आणि त्यावरील कर मिळून ८,८५०, वकील व मूल्यांकन ६,०००, मुद्रांक, सूचना, नक्कल, जाणे-येणे मिळून ९,१५०. एकूण २४,०००. याला १,२७५ ने भागले तर १९ महिने येतात. म्हणजे पहिले १९ महिने आपण नुसता खर्च भरून काढत असतो. त्यानंतरचा फायदा आपला. १२ वर्षे उरली असताना हे परवडते.

पण कर्ज ४ लाखच उरले आहे आणि मुदत ३ वर्षे आहे, तर? तोच दीड टक्क्याचा फरक धरला तर महिन्याला २८० रुपये वाचतात, तीन वर्षांत सुमारे १०,०००. वकील आणि मूल्यांकन करणारा कर्ज लहान म्हणून फी कमी घेत नाही. सगळा खर्च १२-१३ हजारांच्या घरात जातो आणि पदरचे घालावे लागतात. हप्त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत व्याजाचा भाग मोठा असतो, शेवटच्या वर्षांत मुद्दलाचा. व्याज बहुतेक भरून झाल्यावर व्याजदर कमी करून घेण्यात काय हशील?

आता खरा सापळा. नवी बँक क्वचितच १२ वर्षांची मुदत ठेवते. तिचा माणूस म्हणतो, "काका, हप्ता थेट १३,०१७ वर आणून देतो, महिन्याला जवळजवळ पाच हजार सुटतील." हे खोटे नसते. साडेआठ टक्क्यांनी १५ लाखांचा हप्ता तेवढाच येतो, मात्र मुदत २० वर्षे धरली तर. आता एकूण भरणा पाहा. जुन्या बँकेत १७,९२६ रुपयांप्रमाणे १४४ हप्ते, म्हणजे २५,८१,३४४ रुपये. नव्या बँकेत १३,०१७ रुपयांप्रमाणे २४० हप्ते, म्हणजे ३१,२४,०८०. व्याजदर दीड टक्क्याने कमी आणि भरणा ५,४२,७३६ रुपयांनी जास्त! घरात पोरगा कमावता नसेल आणि हप्ता खरोखरच झेपत नसेल तर लांब मुदत घेणे समजू शकतो. पण फायदा झाला असे समजून ती घेऊ नये. मी २०२१ मध्ये हेच केले होते. ११ वर्षे उरली होती ती १५ करून घेतली आणि वर रेपो चढला.

उलट नवा दर घेऊन जुनाच हप्ता चालू ठेवला, म्हणजे १७,९२६ च भरत राहिले, तर कर्ज १४४ ऐवजी साधारण १२७ महिन्यांत संपते आणि एकूण भरण्यात सुमारे ३ लाख वाचतात. नव्या बँकेला "हप्ता इतका ठेवा आणि मुदत त्याप्रमाणे बसवा" असे सांगता येते. फॉर्मवर सही करण्याआधी सांगावे, नंतर नाही.

बँक बदलण्याआधी जुन्याच बँकेत जाऊन भांडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भांडावे म्हणजे नव्या बँकेचे मंजुरीपत्र खिशात ठेवून शाखाधिकाऱ्याला दाखवावे. बऱ्याच ठिकाणी जुने कर्ज नव्या दराला बदलून देण्याची सोय असते, त्याला एकवेळचे बदल शुल्क लागते. समजा जुनी बँक साडेआठ देत नाही, पण नऊ टक्क्यांवर आली आणि बदल शुल्क करासह ५,९०० घेतले. हप्ता होतो १७,०७०. बारा वर्षांत १,२३,२६४ वाचतात, खर्च वजा जाता १,१७,३६४. बँक बदलून खर्च वजा जाता वाचत होते १,५९,६००. फरक ४२ हजारांचा, म्हणजे महिन्याला तीनशेहून कमी. त्यासाठी वकील, मूल्यांकन, निबंधक, पुन्हा जामीनदार आणि दोन महिन्यांचे हेलपाटे. ज्याचा वेळ मोकळा आहे त्याने जरूर करावे. ज्याची तोडणी सुरू आहे त्याने जुन्याच बँकेत दर उतरवून घ्यावा.

आणि याहून सोपा एक मार्ग आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला कमिशन नाही. उसाचे बिल आले की त्यातले काही थेट मुद्दलात भरणे. वरच्याच उदाहरणात, बँक न बदलता, दर १० टक्केच ठेवून, आज १ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे १७ हप्ते कमी होतात. जादा भरलेला लाख वजा करूनही २ लाखांच्या वर वाचतात. बँक बदलून मिळणाऱ्या निव्वळ फायद्याहून हे जास्त आहे. बदलत्या दराच्या घरकर्जावर असे भरण्याला आकार नाही. फक्त भरताना "मुदत कमी करा, हप्ता नको" असे लेखी द्यावे. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

हप्त्यावरून आणखी एक गोष्ट. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपले बिल तोड झाल्यावर येते. शेतीचे उत्पन्न धरून कर्ज देणाऱ्या काही संस्था हप्ता सहामाही किंवा वार्षिक ठेवतात. तसे कर्ज मोडून महिन्याच्या हप्त्याच्या बँकेत नेले तर दर कमी झाला तरी जुलै ते नोव्हेंबर हप्ता कुठून भरायचा, हा प्रश्न उभा राहतो. हप्ता हुकला की दंड, परत गेलेल्या हप्त्याचे बँक शुल्क आणि पतनोंदीवर डाग. ही किंमत कोणत्याही खर्चाच्या यादीत छापलेली नसते. निदान चार हप्ते बचत खात्यात बाजूला ठेवूनच अशा कर्जाकडे जावे.

विमा आणि वाढीव कर्ज याबद्दल थोडक्यात. नवी बँक कर्जाबरोबर आयुर्विमा गळ्यात घालते आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवते, म्हणजे विम्यावरही आपण वर्षानुवर्षे व्याज भरतो. विमा असावा, जरूर असावा, पण तो त्याच कंपनीकडून घेतलाच पाहिजे असे नाही. वाढीव कर्जाचा दर बहुधा मूळ कर्जापेक्षा वेगळा असतो, तो वेगळा विचारावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने नव्या किरकोळ कर्जाचे ठळक माहितीपत्रक द्यायचे आहे. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेले असते. दोन बँकांची ती दोन पत्रके शेजारी ठेवली की निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

प्रत्यक्ष बदल होताना दिवस मोजावेत. जुनी बँक येणे रकमेचे पत्र देते, त्यात अमुक तारखेपर्यंत एवढी रक्कम असे लिहिलेले असते. नव्या बँकेचा धनादेश निघाला की तिचे व्याज सुरू होते आणि तो जुन्या बँकेत जमा होईपर्यंत तिचेही व्याज चालूच असते. १५ लाखांवर १० टक्क्यांनी दिवसाला ४११ रुपये होतात. धनादेश एखाद्याच्या टेबलावर १५ दिवस पडून राहिला तर सहा हजार गेले. म्हणून धनादेश निघाला त्याच दिवशी स्वतः जाऊन जमा करावा आणि पोच घ्यावी. जुन्या बँकेतला स्वयंचलित हप्ताही बंद करावा, नाहीतर तो एक जादा कापला जातो.

जुन्या बँकेने पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाची नोंद काढून टाकायची असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तिच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आपण कागद दिले होते कोणते, हे मात्र आपल्याला माहीत पाहिजे. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, बांधकाम परवाना, नकाशा, गावठाणातील घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा सनद. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी बँकेकडून सही-शिक्क्याने मागून घ्यावी. जामीनदारालाही विसरू नये. त्याने तुमच्या शब्दावर सही केली होती, तेव्हा त्याची जबाबदारी संपल्याचे पत्र आणून त्याच्या हातात द्यावे.

आता शेवटची गोष्ट, ती आपल्या कारखान्याशी थेट जोडलेली. आपल्याच एका सभासदाने (नाव लिहीत नाही, पण लिहायला त्यांची संमती आहे) पाइपलाइनसाठी जमीन गहाण टाकून मुदत कर्ज काढले होते. त्याची वसुली ऊस बिलातून होत होती. त्यांनी ते कर्ज दुसऱ्या बँकेत नेले, डिसेंबरात जुने खाते बंद झाले, पेढेही वाटले. पण जुन्या संस्थेने वसुलीचे पत्र मागे घेतले नाही आणि यांनीही कारखान्यात कळवले नाही. जानेवारीत बिल निघाले आणि कपात होऊन रक्कम बंद झालेल्या खात्याकडे गेली. आमच्या हिशेब खात्याला दोष देता येत नाही, त्यांच्यापुढे होते ते पत्र खरे होते. पैसे परत मिळाले, पण मध्ये नव्या बँकेचे दोन हप्ते परत गेले. तेवढ्यावर भागले नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात जुन्या संस्थेचा बोजा तसाच होता आणि त्याच्या खाली नव्या बँकेचा चढला होता. जुलैत आडसालीची लागण तोंडावर, सोसायटीत वाढीव कर्ज मागायला गेले तर सचिव म्हणाला, "तुमच्या जमिनीवर दोन बोजे दिसताहेत." माणूस पै न् पै फेडून थकबाकीदारासारखा उभा. त्या वर्षी त्यांची लागण सव्वा महिना लांबली.

आपल्याकडे जुने बोजे असेच वर्षानुवर्षे राहतात. भूविकास बँकेच्या कर्जदारांची थकबाकी माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२२ साली घेतला. तोवर कित्येकांच्या उताऱ्यावर वडिलांच्या काळचा बोजा चिकटून होता. कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या बँकेचा बेबाकी दाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीवरूनही तो देता येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचावा.

आणि कपातीबद्दल कारखान्यापुरते असे. ज्यांचे कर्ज ऊस बिलातून कापले जाते त्यांनी बँक बदलताना जुन्या संस्थेचे कपात रद्द केल्याचे पत्र आणि बेबाकी दाखल्याची प्रत हिशेब खात्यात द्यावी, शक्यतो आपला ऊस तुटण्याआधी. पत्राची पोच घ्यावी. गट कार्यालयात दिले तरी चालेल, चिटबॉयच्या हातात मात्र देऊ नये. त्याच्या डोक्यावर हंगामात टोळ्यांचा एवढा घोर असतो की खिशातले पत्र खिशातच धुतले जाते. ऊस पुरवठ्याचा दाखला गट कार्यालयातूनच मिळतो. येताना सभासद क्रमांक आणि मागील हंगामाच्या बिलाची पावती आणावी. आणि नव्या बँकेचे खर्चाचे पत्रक मिळाले असेल तर तेही आणावे, बसून वजाबाकी करू.

— ऊस विकास अधिकारी